पांझरा खोऱ्यातील फड-बागायत : भूरचना, पीकव्यवस्था आणि पाण्याची वाटणी

खानदेशाच्या भूगोलाचे विवेचन तापीपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. तापीचे रुंद पात्र, तिच्या काठची खोल काळी जमीन आणि त्या जमिनीत पिकणारा कापूस यांमुळे तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु सिंचनाच्या इतिहासात या प्रदेशाने जी स्वतंत्र भर घातली, ती तापीच्या काठी नव्हे. तिच्या दक्षिणेकडील उपनद्यांच्या खोऱ्यांत घातली. पांझरा, गिरणा, मोसम, आरम या मध्यम आकाराच्या नद्यांवर गावकऱ्यांनी दगडी बंधारे बांधून पाट काढले आणि त्या पाटांखालील जमिनीची वाटणी ‘फड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका विशिष्ट पद्धतीने केली. या पद्धतीचे वर्णन अनेक ठिकाणी आढळते व तिचा गौरवही पुष्कळ झालेला आहे. मात्र ती याच खोऱ्यांत का रुजली, ती नेमकी कशाच्या बळावर टिकली आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत ती का खिळखिळी झाली, या प्रश्नांचा एकत्र विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात पांझरा नदीचे खोरे उदाहरणादाखल घेऊन तो करावयाचा आहे.

खोऱ्याची रचना

पांझरा ही पूर्वी पश्चिम खानदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या धुळे जिल्ह्यातील नदी होय. साक्री तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगरात तिचा उगम होतो. पिंपळनेरवरून ती पूर्वेस वाहते. साक्रीकडून येणारी कान नदी तिला मिळते. पुढे धुळे शहरातून बाहेर पडल्यावर काही अंतराने ती उत्तरेकडे वळते आणि शिंदखेडा तालुक्यातील मुडावद येथे तापीस मिळते. दक्षिणेकडे सेलबारी-डोलबारीची रांग व तिच्या पूर्वेचे गाळण्याचे डोंगर हे मोसम-गिरणेचे खोरे वेगळे काढतात. उत्तरेकडे बुराई नदीचे खोरे आहे. म्हणजे हे एक लांबट, अरुंद आणि बहुतांश पूर्व-पश्चिम पसरलेले खोरे आहे.

खोऱ्याचा पाया दक्षिणी लाव्ह्याचा म्हणजे बेसाल्टचा आहे. या बेसाल्टमध्ये पुढील काळात घुसलेल्या उभ्या शिलाभित्ती धुळे-नंदुरबार परिसरात विपुल आहेत. माळावरून काळ्या दगडांच्या लांबच लांब कुंपणांसारख्या त्या दिसतात. त्यांचा कल सामान्यतः पूर्व-पश्चिम असून कित्येक ठिकाणी त्या ओढ्या-नाल्यांना छेद देतात. भूजलाच्या दृष्टीने त्यांचे कार्य दुहेरी आहे. भित्तीचा दगड अभंग असेल तर ती जमिनीखाली बांध घातल्याप्रमाणे पाणी अडविते. तो भेगाळलेला असेल तर तीच भित्ती पाण्याची वाट बनते. एकाच शिवारातील दोन विहिरींपैकी एकीला मार्चमध्ये पाणी असते आणि शंभर पावलांवरील दुसरी कोरडी पडते, याचे कारण कित्येकदा या भित्तींत सापडते.

पावसाचे मान पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरते. धुळे शहराच्या आसपास वार्षिक सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरांच्या दरम्यान आहे. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात ती लक्षणीय अधिक आहे. याचा अर्थ असा की, नदीला पाणी पुरविणारा प्रदेश निराळा आणि त्या पाण्याची गरज असलेला प्रदेश निराळा. पश्चिमेच्या डोंगराळ गावांत पाऊस पुरेसा, पण जमीन उतरणीची व हलकी. मध्य खोऱ्यात नदीकाठी चांगल्या काळ्या जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे, पण पाऊस अपुरा व लहरी. खोऱ्याचे सारे अर्थकारण या विषमतेभोवती फिरते.

बंधारे मध्य खोऱ्यातच का

बंधारा म्हणजे धरण नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बंधाऱ्याचा हेतू पाणी साठविण्याचा नसतो. वाहत्या पाण्याची पातळी हात-दोन हात उचलून ते बाजूच्या पाटात वळविण्याचा असतो. अशा कामासाठी तीन गोष्टींची गरज असते. नदीच्या तळाशी भक्कम खडक उघडा असला पाहिजे, म्हणजे पाया खणण्याचा खर्च वाचतो व पुरात बंधारा उखडत नाही. नदीचे काठ फार उंच असता कामा नयेत, नाहीतर पाट कित्येक कोस नेल्याशिवाय पाणी जमिनीवर चढत नाही. आणि नदीला पुरेसा उतार असला पाहिजे, म्हणजे पाट मंद उताराने नेला तरी तो लवकरच नदीपात्रापासून उंचावर येतो.

पिंपळनेरपासून धुळ्यापर्यंतच्या पांझरेत या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात. खाली तापीच्या मैदानात मात्र चित्र पालटते. तेथे गाळाचा थर जाड, काठ उभे व उंच, उतार अत्यल्प. त्यामुळे तापीसारखी मोठी नदी दाराशी वाहत असूनही तिच्या काठची शेती शतकानुशतके जिरायतीच राहिली. तिचे पाणी वर चढविण्यासाठी पंपाची आणि मोठ्या बॅरेजची वाट पाहावी लागली. प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे येथील बॅरेज ही अगदी अलीकडची कामे आहेत. लहान नदी बागायती आणि मोठी नदी जिरायती, हा वरवर विपरीत दिसणारा प्रकार भूरचनेतून असा सहज उलगडतो.

या बंधाऱ्यांचा काळ निश्चित सांगणे कठीण आहे. सामान्यतः ते तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीचे मानले जातात. लोकपरंपरा त्यांतील काहींचे श्रेय खानदेशावर १३८२ ते १६०१ पर्यंत राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांना देते. एवढे मात्र निश्चित की, १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा ही व्यवस्था जुनी होती आणि तिची बरीच मोडतोडही झालेली होती. १८०२ ते १८०४ च्या सुमारास होळकरांच्या स्वाऱ्या आणि दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. गावे ओस पडली की पाटही बुजतात. पुढे १८७२ च्या महापुराने गिरणा व पांझरा या दोन्ही नद्यांच्या काठी मोठे नुकसान केले. यावरून बंधारा दगडाचा असला तरी फड हा माणसांचाच, हे दिसते. पडलेली भिंत पुन्हा उभारता येते. परंतु पाट उपसण्यास माणसेच उरली नाहीत तर भिंत शाबूत असूनही बागायत मोडते.

फडाची घडण

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या एकूण क्षेत्रास ‘थळ’ म्हणतात. बंधाऱ्यापासून निघणाऱ्या मुख्य पाटाची लांबी दोन किलोमीटरांपासून बारा किलोमीटरांपर्यंत आढळते. पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांमधून लहान सारंग निघून प्रत्येक शेतापर्यंत जातात. जादा पाणी नदीकडे परत सोडण्यासाठी सांडमांची योजना असते. नित्य भिजणाऱ्या क्षेत्रास कायम बागायत अशी संज्ञा असून त्याचे बहुधा तीन किंवा चार फड पाडलेले असतात. फडाचा आकार दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत कमीजास्त असतो.

या पद्धतीचा गाभा तीन नियमांत आहे. एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे. कोणत्या फडात कोणते पीक, हे खातेदाराने नव्हे तर गावाने ठरवावयाचे. आणि प्रत्येक खातेदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असावयाची. यंदा पहिल्या फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात खरिपाचे धान्य वा भुईमूग, चौथा पडीक किंवा हलक्या पिकासाठी. पुढे हा क्रम सरकत जावयाचा. ज्याची जमीन चारही फडांत आहे त्याला दर वर्षी थोडा ऊस, थोडे धान्य आणि थोडी विश्रांती घेतलेली जमीन मिळते. फडातील पट्टे पाटाला काटकोनात आखलेले असल्यामुळे पाटाचा शेजार बहुतेकांच्या वाट्यास येतो.

कारभार पंचांकडे असे. पंच खातेदारांतून निवडले जात. त्यांच्या हाताखाली पाण्याची देखरेख करणारा हवालदार, पाणी प्रत्यक्ष शेतात देणारा पाटकरी आणि पिकांची व पाटाची राखण करणारा जागल्या असे नोकर असत. त्यांचा मोबदला धान्याच्या व उसाच्या रूपाने खातेदारांनी द्यावयाचा. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे : शेताला पाणी पाटकरी देतो, शेतकरी स्वतः देत नाही. आपल्या शेताच्या बांधावर फावडे घेऊन उभे राहण्याची मुभा खातेदाराला नाही. पाण्यावरून होणाऱ्या भांडणांचे मूळच या नियमाने उपटले जाते. दर वर्षी पावसाळ्यानंतर पाट उपसणे व बंधाऱ्याची डागडुजी ही कामे सर्वांनी जमिनीच्या प्रमाणात श्रम देऊन करावयाची असत.

एक-चतुर्थांश उसाचे गणित

फडपद्धतीचे वर्णन करताना तिच्या सामाजिक अंगावर भर दिला जातो. तो योग्यच आहे. परंतु तिची जलशास्त्रीय बाजू आमच्या मते अधिक विचारार्ह आहे, आणि ती विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा निसटते. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, एक थळ १०० हेक्टरांचे असून त्याचे २५ हेक्टरांचे चार फड आहेत. एप्रिल महिन्यात नदीचा प्रवाह दर सेकंदास ४० लिटर एवढाच उरला आहे. हे पाणी दिवसाला ३,४५६ घनमीटर होते; उसाला दहा दिवसांनी पाळी द्यावयाची म्हटल्यास एका पाळीत ३४,५६० घनमीटर हाती येते. पाटात व चारीत ४० टक्के पाणी मुरते असे धरले तर शेतात २०,७३६ घनमीटर पोचते. एका भिजवणीस ७.५ सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी ७५० घनमीटर पाणी लागते असे मानू. या पाण्यात २७ हेक्टरांहून थोडे अधिक क्षेत्र भिजते. म्हणजे जवळजवळ नेमका एक फड.

आता हाच २५ हेक्टर ऊस एकाच फडात न ठेवता चारही फडांत विखुरला आहे असे समजू. पाणी पोचविण्यासाठी सगळ्या चाऱ्या दर पाळीला ओल्या कराव्या लागतील. कोरडी चारी प्रथम स्वतः पाणी पिते, मग शेताला देते. मुरण्याचे प्रमाण ४० वरून ६० टक्क्यांवर गेले असे धरल्यास शेतात १३,८२४ घनमीटर पोचेल व जेमतेम १८ हेक्टर क्षेत्र भिजेल. बंधारा तोच, नदी तीच, ऊस तितकाच. केवळ तो एकत्र न लावल्यामुळे नऊ हेक्टरांचे पाणी नाहीसे झाले. एका फडात एकच पीक हा नियम ही केवळ ग्रामीण एकोप्याची खूण नव्हे. टंचाईच्या महिन्यांत पाण्याचा प्रवास आखूड करण्याची ती युक्ती आहे.

यातून दुसरीही गोष्ट स्पष्ट होते. बंधाऱ्यामागे साठा नसतो, म्हणून येत्या उन्हाळ्यात नदी किती वाहील याचा अंदाज उसाची लागण करण्यापूर्वीच बांधावा लागतो. पाऊस कमी झाला असेल तर पंच उसाचा फड अर्धाच लावण्याचा किंवा मुळीच न लावण्याचा निर्णय घेत. हा निर्णय सर्वांना सारखाच लागू पडे, कारण प्रत्येकाचा वाटा प्रत्येक फडात होता. टंचाईचे वर्ष आले म्हणजे पाटाच्या शेपटाकडचा शेतकरी बुडाला आणि तोंडाकडचा तरला, असे येथे होत नसे. टंचाई पिकाच्या रूपाने वाटली जाई, अंतराच्या रूपाने नव्हे.

ऊस एका जमिनीत कायम न राहता फिरत राहिल्यामुळे जमीन पाणथळ व क्षारयुक्त होण्याचा धोकाही कमी होतो. नीरा आणि प्रवरा कालव्यांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच हा प्रश्न इतका तीव्र झाला की, सरकारला त्याची स्वतंत्र शास्त्रीय चौकशी करावी लागली. शेकडो वर्षे बागायत असलेल्या पांझरेच्या फडांत तशी व्यापक आपत्ती ओढवली नाही, याचे श्रेय पीकफेराला आणि सांडमांच्या निचऱ्याला दिले पाहिजे.

येथे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्मरण होते. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रुजू झाले आणि त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक साक्री तालुक्यातील दातर्तीजवळ पांझरेच्या पाटासाठी नळाचा वक्रनलिका-मार्ग बांधण्याचे होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी जी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली, तिच्यात ठराविक गटांना दीर्घ मुदतीची पाण्याची हमी, त्या गटात उसाचे मर्यादित क्षेत्र आणि उरलेल्या क्षेत्रावर हंगामी पिकांची फेरपालट अशी योजना होती. फडाशी असलेले तिचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. मात्र एक भेद विसरता कामा नये. ब्लॉकमध्ये करार सरकार आणि एकेक शेतकरी यांच्यात होतो; फडात तो गावाचा गावाशी असतो.

बंधाऱ्यांची साखळी

एक बंधारा एकटा पाहिला तर तो नदीचे सारे पाणी उन्हाळ्यात वळवून घेतो असे दिसते. मग त्याच्या खालच्या बंधाऱ्याला पाणी कोठून मिळते? याचे उत्तर नदीच्या पात्रात नाही, थळाच्या जमिनीत आहे. पाटातून, चाऱ्यांतून व भिजलेल्या शेतांतून मुरलेले पाणी उताराने सरकत काही दिवसांनी पुन्हा नदीत पाझरते. सांडमांतून सुटलेले पाणी त्यात मिळते. वरच्या गावाची गळती ही खालच्या गावाची आवक असते. वर आपण ४० टक्के पाणी मुरले असे म्हटले. थळापुरता विचार केला तर ती हानी आहे, परंतु नदीच्या लांबीवर विचार केला तर त्यातील मोठा भाग हानी नव्हेच.

हा मुद्दा आजच्या चर्चेत फार महत्त्वाचा आहे. पाटाला अस्तर घातले, नळवाट केली किंवा ठिबक बसविले की पाण्याची बचत झाली, असा हिशेब सर्रास मांडला जातो. परंतु त्या वाचलेल्या पाण्यावर वरच्या गावाने क्षेत्र वाढविले तर खालच्या बंधाऱ्याची आवक तेवढीच घटते. ती बचत नसून वाटणीतील फेरबदल असतो. तो इष्ट की अनिष्ट हा निराळा प्रश्न. पण त्याला बचत म्हणणे शास्त्राला धरून नाही.

फड का मोडला

स्वातंत्र्योत्तर काळात पांझरा खोऱ्यात पाण्याची साधने कमी झाली नाहीत, उलट वाढली. कान नदीवर मालनगाव, जामखेलीवर जामखेली आणि पिंपळनेरच्या वर पांझरेवर लाटीपाडा ही धरणे झाली. नदीकाठी विहिरी वाढल्या व विजेचे पंप आले. तरीही फड मोडत गेले. या विरोधाभासाचे स्पष्टीकरण ‘लोकांतला एकोपा संपला’ एवढ्यावर भागत नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण त्याने काहीच कळत नाही.

पहिले कारण विहीर. ज्या खातेदाराने थळात विहीर खोदून पंप बसविला, त्याला पंचांच्या निर्णयाची गरज उरली नाही. फडात हरभरा ठरला असता तो आपल्या पट्ट्यात ऊस वा कांदा घेऊ शकतो. शिवाय ही विहीर ज्या पाण्यावर चालते ते बहुतांशी पाटाच्या गळतीतून आलेले असते. म्हणजे पाट सर्वांचा आणि पाझर ज्याची विहीर त्याचा. एक साधा पंप सेकंदास चार-पाच लिटर पाणी सहज उपसतो. आठ-दहा पंप अखंड चालले की आपल्या उदाहरणातील संपूर्ण उन्हाळी प्रवाहाइतके पाणी उचलले जाते. वीज दिवसातून आठच तास धरली तर पंप पंचवीस-तीस लागतील इतकेच. एका थळात इतके पंप असणे आज मुळीच असामान्य नाही. परत पाझरणारे पाणी नदीपर्यंत पोचण्यापूर्वीच विहिरींत अडल्यामुळे बंधाऱ्यांची साखळी आतून तुटली.

दुसरे कारण धरणांचे आहे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. पूर्वी बंधाऱ्याला उन्हाळ्यात थोडे पण अखंड पाणी मिळे. धरण झाल्यावर तेच पाणी साठवून काही ठराविक पाळ्यांत सोडले जाऊ लागले. पाळी सुटली की नदी भरून वाहते, बंद झाली की पात्र उघडे पडते. फडाची सगळी रचना बारीक पण सततच्या प्रवाहासाठी होती. थोड्या दिवसांत येणारे मोठे पाणी वापरण्याची पाटाची क्षमता मर्यादित असते. त्याहून महत्त्वाचे असे की, यंदा किती पाणी मिळणार हा अंदाज आता पंच आकाशाकडे व नदीकडे पाहून बांधू शकत नाहीत. तो निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. निर्णयाचा अधिकार गेला की पंचांचा शब्दही सैल पडतो.

तिसरे कारण कायद्याचे. इंग्रजी अमदानीत या बंधाऱ्यांची गणना दुसऱ्या वर्गाच्या पाटबंधारे कामांत होत असे व तेथील रूढ हक्कांना काही मान्यता होती. पुढील काळातील कालव्यांवरची रीत मात्र व्यक्तीला धरून आहे. शेतकऱ्याने सात नंबरच्या नमुन्यावर अर्ज करावयाचा, आपले पीक लिहावयाचे, मंजुरी मिळवावयाची आणि शेजपाळीने पाणी घ्यावयाचे. पीक प्रथम, पाणी नंतर. फडात हा क्रम उलटा होता. याच ओघात मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याकडेही पाहिले पाहिजे. विखुरलेल्या तुकड्यांची एकत्र जमीन करावी, हे तत्त्व जिरायत शेतीसाठी शहाणपणाचे आहे. परंतु ज्याची सारी जमीन एकाच फडात एकत्र आली, त्याला एका वर्षी नुसता ऊस मिळेल व दुसऱ्या वर्षी काहीच नाही. तो फेरपालटीस कसा राजी होईल? फडातील तुकडे हा दोष नव्हता. तो विमा होता.

बाजाराचा भाग थोडक्यात सांगता येईल. फडातील ऊस पूर्वी गुऱ्हाळात जाई. पुढे साक्रीजवळ भाडणे येथे पांझरा-कान सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा उसाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले आणि उसाचे क्षेत्र एका फडाच्या मर्यादेत ठेवणे अवघड झाले. नंतर तो कारखाना बंद पडला. ऊस घटला, पण त्याची जागा जुन्या पीकफेराने घेतली नाही. कांदा, मका, कापूस, भाजीपाला यांनी घेतली. ही पिके ज्याच्या त्याच्या बाजारभावाच्या अंदाजावर घेतली जातात. एका फडातील पन्नास खातेदारांचा कांद्याच्या भावाविषयीचा अंदाज एकच असावा, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

फडाबाहेरचे खोरे

फडाविषयी आदर बाळगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. फडातील समता ही खातेदारांपुरती होती. पाण्यावरचा हक्क जमिनीतून येई. भूमिहीनाला तो नव्हता. पाट उपसणारे हात आणि उसाच्या सरीत राबणारे हात पुष्कळदा एकाच माणसाचे असत व त्या माणसाच्या नावे फडात गुंठाभरही जमीन नसे. आजही साक्री तालुक्यातील भिल्ल कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे जातात. आपल्या खोऱ्यातील ऊस संपला तरी त्यांची ऊसतोड संपलेली नाही.

त्याचप्रमाणे पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील कोकणा, भिल्ल, मावची वस्त्यांचा या व्यवस्थेत कधीच विचार झाला नाही. नदीला पाणी त्यांच्या डोंगरांतून येते. तेथील जंगल तुटले की पावसाचे पाणी दोन दिवसांत वाहून जाते व फेब्रुवारीपासूनच नदी क्षीण होते. जंगल राहिले तर तेच पाणी मुरून महिनोन्‌महिने झिरपत राहते. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने गेल्या तीन दशकांत चारशे हेक्टरांहून अधिक जंगल स्वतः नियम करून राखले. या कार्याचे प्रवर्तक चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जंगल राखल्याने गावाच्या विहिरींना पाणी टिकले, भाताची शेती सुधारली. अशा गावांनी राखलेल्या जंगलाचा लाभ ओढ्या-नाल्यांतून खाली जातो. त्या लाभाच्या मोबदल्यात खालच्या बागायतीने वरच्या गावांना काही द्यावे, अशी कोणतीही रूढी वा कायदा या खोऱ्यात नाही. आमच्या मते पांझरा खोऱ्याच्या पाणीवाटपातील सर्वांत जुनी उणीव हीच आहे, आणि फडाच्या गुणगौरवात ती झाकली जाते.

दुसऱ्या टोकास धुळे शहर आहे. १८१९ मध्ये जिल्ह्याचे ठाणे म्हणून कॅप्टन ब्रिग्जने निवडलेले हे गाव वाढत गेले तशी त्याची तहानही वाढली. पांझरेच्या पाण्याने भरला जाणारा नकाणे तलाव, डेडरगाव तलाव, नंतर तापीवरील उपसा असे त्याचे क्रमाने वाढत गेलेले आधार आहेत. शहराचे सांडपाणी नदीतच येते. त्यामुळे धुळ्याखालील नदीचा उन्हाळी प्रवाह पूर्वीसारखा वरच्या थळांच्या पाझरातून न येता बऱ्याच अंशी शहराच्या गटारांतून येतो. त्या पाण्यावरही शेती होते. तिची स्वतंत्र पाहणी होणे आवश्यक आहे.

अक्कलपाड्यानंतर

या शतकात निम्न पांझरा प्रकल्पाचे अक्कलपाडा धरण साक्री तालुक्यात उभे राहिले. मध्य खोऱ्यातील जुन्या थळांच्या ऐन मधोमध एवढा मोठा साठा प्रथमच आला आहे. त्याचे पाणी कालव्याने नव्या जमिनींना द्यावयाचे, शहराला द्यावयाचे आणि नदीत सोडून खालचे बंधारेही भरावयाचे. यांतील शेवटचा भाग बहुधा कृपा म्हणून पाहिला जातो, हक्क म्हणून नव्हे. पाणी सोडण्याची मागणी होते, मोर्चे निघतात, मग आवर्तन सुटते.

महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्याच्या मुळाशी पाणीवापर संस्थेला घनमापाने पाणी मोजून द्यावे आणि आत कोणती पिके घ्यावयाची हे संस्थेने ठरवावे, हे तत्त्व आहे. फडाच्या परंपरेस इतका अनुकूल कायदा यापूर्वी झालेला नव्हता. प्रत्येक थळाला एक संस्था मानून बंधाऱ्याच्या तोंडाशी पाणी मोजून दिले, तर पंचांच्या हाती निर्णयाचा आधार पुन्हा येऊ शकतो : ऑक्टोबरमध्ये जर ‘यंदा तुमच्या थळाला इतके हजार घनमीटर’ असे कळले, तर किती ऊस आणि किती हरभरा हे गणित पूर्वीप्रमाणेच मांडता येते. विहिरींचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. थळातील विहिरींचा उपसा संस्थेच्या हिशेबात धरला नाही तर मोजून दिलेले पाणी पुन्हा पाझरातून खासगी होईल. भूजलासाठी राज्यात स्वतंत्र अधिनियम आहे, नदीपाण्यासाठी स्वतंत्र. आणि पांझरेच्या काठी ही दोन पाणी वेगळी नाहीत.

हा हिशेब बसविण्यासाठी जी आधारसामग्री लागते तिचा प्रारंभ पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यातून होऊ शकेल. एकाखाली एक असलेले दोन बंधारे निवडावेत. वरच्या बंधाऱ्याच्या पाटात जाणारा, त्याच्या भिंतीवरून वा भेगांतून सुटणारा आणि खालच्या बंधाऱ्यापाशी येणारा असे तीन विसर्ग एकाच दिवशी मोजावेत. मधल्या पट्ट्यातील विहिरींची पाणीपातळी व पंपांचे चालू तास नोंदवावेत. यासाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा आहे. धरणाची पाळी सुरू असताना केलेले मापन निरुपयोगी ठरते. पाळी बंद होऊन पात्रातील पूर ओसरल्यानंतरचे आठ-दहा दिवस साधले, म्हणजे थळातून नदीत परत येणाऱ्या पाण्याचे मान त्यात स्वच्छ दिसू शकेल.